तात्पुरती मी

घरातला संगणक बिघडला की दुसऱ्याने काय केलं असणार ते प्रत्येकाला लगेच सुचतं. नवऱ्याला माझे एकाच वेळी उघडे असलेले ढीगभर टॅब आठवले. मला त्याने कुठून कुठून उतरवलेले फुकटचे पीडीएफ कन्व्हर्टर आठवले. सासऱ्यांनी, म्हणजे बापूंनी, पेपरातून डोकंही वर न काढता सांगितलं, “काल लाइट गेली होती.”

गेली होती खरी. पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ अशी ताकीद आणि तिच्यावर गोल फिरणारे ठिपके, अशा मुहूर्तावर गेली होती. आम्ही संगणक बंद केलाच नव्हता. तो अख्ख्या पेठेसकट बंद झाला. टेबलाखाली यूपीएस आहे. त्याची बॅटरी केव्हाच मेली आहे, पण लाइट गेली की तो एकदा ‘टीं’ करतो, आणि तेवढ्यासाठी त्याला भंगारात घालायला कोणाचा हात धजत नाही.

सकाळी संगणक सुरू झाला. मी नेहमीचा पासवर्ड टाकला, त्याने तो मुकाट घेतला, वर ‘वेलकम’ही म्हणाला. आणि मग जे समोर आलं त्यात माझं काहीच नव्हतं. भाच्याच्या मुंजीचा फोटो जाऊन तिथे कंपनीचा निळा पडदा. डेस्कटॉपवर जागा मिळेल तिथे पसरलेल्या फायलींतली एक नाही. डाव्या कोपऱ्यात फक्त कचऱ्याची टोपली, आणि तीही रिकामी. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की या टोपलीत काहीतरी असायला हवं होतं. मराठी कीबोर्डही गायब. यंत्र माझ्याशी एकदम निव्वळ इंग्रजीतून बोलायला लागलं होतं.

उजवीकडे एक चिठ्ठी सरकत आली. तिचा सारांश असा : तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात, तुमच्या फायली तुम्हाला मिळणार नाहीत, आणि इथे जे काही निर्माण कराल ते बाहेर पडताच नाहीसं होईल. एखाद्या बुवांनी हेच तासभर सांगितलं असतं तर लोकांनी माना डोलावून दक्षिणा ठेवली असती. मला मात्र दिवाळी अंकाचा लेख द्यायचा होता आणि तो डेस्कटॉपवर होता.

पेठेतल्या संगणकाच्या दुकानात फोन केला. लक्षणं सांगून पुरी व्हायच्या आत तिथला पोरगा म्हणाला, “सीपीयू घेऊन या मॅडम, फॉरमॅट मारून देतो.”

“आणि डेटा?”

“सी ला आहे का डी ला?”

“डेस्कटॉपवर.”

पलीकडून उसासा आला. “डेस्कटॉप म्हणजे सी-च की मॅडम.”

या पोरांचं एक मला कळत नाही. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट मारू. आवाज येत नाही, फॉरमॅट मारू. सी ड्राइव्ह पुसून नवी विंडोज टाकली की यंत्र खरंच धावायला लागतं. फक्त ज्यासाठी ते घेतलं होतं ते त्यात उरत नाही. डी ड्राइव्हला काही होत नाही म्हणून सगळं डी ला ठेवायचं, हे ज्ञान महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेलं आहे, आणि तरी घराघरांत सगळं डेस्कटॉपवरच असतं.

मग पुण्याला शिकायला असलेल्या चिरंजीवांना फोन लावला. तो म्हणाला, “आई, घाबरू नकोस. फायली जाग्यावर आहेत. विंडोजला तुझं प्रोफाइल उघडता येत नाहीये, एवढंच. आधी दोनदा रिस्टार्ट कर.” आत जायच्या नेमक्या क्षणी एखादा अँटिव्हायरस तुमची फाइल धरून बसलेला असतो, आणि तेवढ्यानेही असा घोळ होतो, रिस्टार्टने सुटतो. आमचा सुटला नाही.

प्रोफाइल म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सी ड्राइव्हवर ‘यूझर्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येकाचं एकेक. ऑनलाइन खात्याने विंडोज सुरू केली असेल तर ती ईमेलची पहिली पाच अक्षरं उचलते आणि तेच फोल्डरचं नाव ठेवते. माझं नाव त्यात असं तुटलंय की पित्तावरची गोळी वाटावी. त्या फोल्डरात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, एक लपवून ठेवलेलं ‘ॲपडेटा’, आणि ‘एनटीयूझर डॉट डॅट’ नावाची एक फाइल. तुम्ही काय लिहिलंत ते बाकीच्या फोल्डरांत; तुम्ही कशा आहात ते या एका फायलीत. भिंतीवर कुठला फोटो, माउस किती पळतो, कीबोर्ड कुठला, कुठल्या गोष्टीवर ‘पुन्हा विचारू नका’ म्हणून खूण केलीत, सगळं. तुम्ही आत आलात की ती उघडते, काम करता तोवर उघडी राहते. लिहिताना मध्येच वीज गेली तर ठिगळ लावायला शेजारी तिच्याच नावाच्या दोन लॉग फायली ठेवलेल्या असतात. बहुतेक वेळा ठिगळ बसतं आणि आपल्याला काही कळतही नाही. आमच्या वेळी बसलं नाही.

अशा वेळी विंडोज तुम्हाला दारातून हाकलत नाही. ती ‘टेंप’ नावाचं एक कोरं फोल्डर काढते आणि तुम्हाला त्यात बसवते. तोंडावर ‘ओळखत नाही’ म्हणाली असती तरी मला कमी लागलं असतं.

पूर्वी हा मान-अपमान नव्हताच. १९९५च्या विंडोजमध्ये पासवर्डची चौकट यायची, आणि तिच्यावरचं ‘कॅन्सल’ दाबलं की कोणीही आत. नाव नको, गाव नको. पासवर्ड विसरलेली मंडळी वर्षानुवर्षं कॅन्सल दाबून पोटं भरत होती. २००१ साली एक्सपी आली आणि ऑफिसातल्या यंत्रांची शिस्त घरात शिरली : प्रत्येकाचं खातं वेगळं, खात्याला चित्र वेगळं, कोणाला रबरी बदक तर कोणाला गिटार. घरं एकत्र राहिली आणि संगणक विभक्त झाला.

तर आता मुलाने सांगितलं की दुरुस्तीसाठी दुसरं एखादं धडधाकट खातं लागेल, आणि तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. असं खातं घरात एकच होतं. बापूंचं.

बापू माण तालुक्यात तलाठी होते. संगणकाविषयी त्यांचं मत वाईट आहे आणि त्याला कारण आहे : सातबारे संगणकावर चढले तेव्हा नावांची जी कत्तल झाली ती कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त करण्यात त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. अजूनही संगणकाचा विषय निघाला की ते ‘शिंद्यांचे शिंपी केले होते’ एवढंच म्हणतात. नातवाने त्यांना कीर्तनं ऐकायला आणि बुद्धिबळ खेळायला खातं काढून दिलं तेव्हा कौतुकाच्या भरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही करून टाकलं. म्हणजे घरात यंत्राचा सगळ्यात जास्त संशय ज्यांना, सगळे अधिकार त्यांच्या हातात.

बापू आले. पासवर्ड टाकताना त्यांनी कीबोर्डवर पेपर आडवा धरला आणि त्याआडून एका बोटाने एकेक अक्षर दाबत, ते प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणाले.

फोन स्पीकरवर ठेवला. मुलाने ‘रेजएडिट’ उघडायला लावलं आणि बजावलं की ही रजिस्ट्री आहे, इथे भलतीकडे हात लागला तर यंत्र उठणार नाही, तेव्हा आधी एक्सपोर्ट करून प्रत काढून ठेव. ‘प्रत’ ऐकल्यावर बापूंनी खुर्ची पुढे ओढली.

डावीकडे फोल्डरांच्या आत फोल्डरं उघडत आम्ही ‘प्रोफाइललिस्ट’पर्यंत पोचलो. तिथे नुसते नंबर. पहिले तीन आखूड : एस-१-५-१८, एस-१-५-१९, एस-१-५-२०.

“हे आखूड नंबर कोणाचे?” बापूंनी विचारलं.

“सिस्टीमचे आहेत आजोबा. माणसांचे नाहीत.”

“म्हणजे गायरान. त्याला हात लावायचा नाही. पुढे चला.”

पुढचे नंबर एस-१-५-२१ ने सुरू होऊन ओळीच्या टोकापर्यंत गेलेले. मुलगा म्हणाला, मधला भाग या यंत्राचा, शेवटचे आकडे माणसाचे. आई १००१, आजोबा १००२. नाव बदला, पासवर्ड बदला, फोटो बदला, नंबर बदलत नाही. विंडोजचा सगळा व्यवहार नंबराशी. बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू एवढी साधी गोष्ट सांगायला पुण्याहून फोन कशाला हवा होता. “गट नंबर,” ते म्हणाले. “मालक मरतो, नंबर राहतो.”

पण १००१ दोनदा होता. एक साधा, आणि एकाच्या शेपटाला ‘डॉट बॅक’.

बापूंनी चष्मा काढून पुसला. “एका गटाला दोन उतारे?”

साध्या नंबरावर टिचकी मारली. उजवीकडे ‘प्रोफाइलइमेजपाथ’ अशी ओळ, म्हणजे या नंबरवाल्याचं फोल्डर कुठलं ते. तिथे लिहिलं होतं ‘टेंप’. शेपूटवाल्यावर टिचकी मारली. तिथे माझी पित्ताची गोळी.

“थांब,” बापू म्हणाले. “जमीन जाग्यावर आहे, पीक उभं आहे, आणि उताऱ्यावर भलत्याचंच नाव. हा टेंप कोण?”

“तात्पुरता आहे बापू.”

“तात्पुरते म्हणून चढलेले वीस-वीस वर्षं उतरत नाहीत.”

झालं होतं ते असं : माझं प्रोफाइल उघडेना, तेव्हा विंडोजने माझ्या मूळ नोंदीला ‘डॉट बॅक’ लावून बाजूला सारलं आणि त्याच नंबराने टेंपची नवी नोंद घातली. बापूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. “आणि नोटीस? कलम १५०(२) ची नोटीस बजावावी लागते. हरकत घ्यायला १५ दिवस द्यावे लागतात. उठला आणि फेरफार ओढला असं होत नाही.”

“ती चिठ्ठी आली होती की कोपऱ्यात,” मी म्हटलं.

“ती नोंद पक्की झाल्यावर आली. ती नोटीस नव्हे, ती बातमी.”

सासूबाईंनी आतून जेवायला हाक मारली. कोणी उठलं नाही.

दुरुस्ती तशी दोन ओळींची. एका नावाच्या दोन नोंदी चालत नाहीत, म्हणून आधी टेंपच्या नंबराला ‘डॉट ओल्ड’ अशी शेपूट जोडायची, मग माझ्या नंबराची ‘डॉट बॅक’ ही शेपूट काढायची. क्रम चुकला तर यंत्र ऐकत नाही. मी टाइप करत होते आणि बापू प्रत्येक आकडा परत वाचून घेत होते, बोट पडद्याला टेकवून. पडद्यावर त्या ओळीत अजून तेलकट ठसे आहेत. शेवटी ‘स्टेट’ नावाच्या ओळीत काहीतरी आकडा होता, तो मुलाने शून्य करायला सांगितला.

“बोजा कमी केला,” बापू समाधानाने म्हणाले. मग जरा थांबून, “प्रमाणित कोण करणार? मंडळ अधिकारी?”

“रिस्टार्ट,” फोनवरून आवाज आला.

रिस्टार्ट झालं. मी पासवर्ड टाकला. या वेळी यंत्राने मला तात्पुरतंसुद्धा आत घेतलं नाही. यूझर प्रोफाइल सर्व्हिसला साइन इन करता आलं नाही, असं एक वाक्य दाखवलं आणि परत दारात आणून उभं केलं.

मुलगा पलीकडे गप्प झाला, तेव्हाच मी ओळखलं. “आई, ती एनटीयूझर फाइलच गेली असणार. नोंद सुधारून उपयोग नाही.”

मला रडू येईल असं वाटत होतं. बापू मात्र कामाला लागल्यासारखे दिसले. “नोंद आता बरोबर आहे. मूळ कागद भिजलाय. त्याचं काय, नवीन खातं काढायचं आणि सगळं तिकडे वर्ग करायचं. पुरात आमचं दप्तर भिजलं तेव्हा काय केलं होतं?” आणि मुलगा म्हणाला, “आजोबा, एक्झॅक्टली.” आजोबा-नातवाचं संगणकाच्या बाबतीत एकमत झाल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नवीन खातं बापूंनी स्वतः काढलं. मुलगा म्हणत होता नुसतं पहिलं नाव टाका, पण असं अर्धवट नाव कुठल्याच दप्तरात चालत नाही, म्हणून त्यांनी माझं, नवऱ्याचं आणि आडनाव असं पूर्ण टाकलं, मग ‘सौ.’ राहिलं म्हणून मागे जाऊन तेही घातलं. विंडोज अशा खात्याच्या नावाला २० अक्षरं देते. माझं आडनाव मध्यावर संपलं. पाच अक्षरांवरून वीसवर आले, ही बढतीच म्हणायची.

नव्या खात्यात एकदा जाऊन आल्याशिवाय त्याचं फोल्डर तयार होत नाही, म्हणून गेले आणि आले. (“कब्जा घ्यावाच लागतो,” बापू.) मग त्यांच्या खात्यातून माझं जुनं फोल्डर उघडायला गेलो, तर चौकट आली : सध्या तुम्हाला हे फोल्डर बघण्याची परवानगी नाही, कायमची परवानगी मिळवण्यासाठी ‘कंटिन्यू’ दाबा.

बापूंनी ते दोनदा वाचून घेतलं. “परवानगी नाही म्हणतो आणि परवानगी पाहिजे तर दाबा म्हणतो? मग नाही कशाला म्हणतो?” मी कंटिन्यू दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली आणि दार उघडलं. “आमच्याकडे मधे निदान चहा तरी व्हायचा,” ते पुटपुटले.

आणि सगळं होतं. मुंजीचे फोटो, अर्धा लेख, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, पुतणीच्या लग्नाच्या बायोडेटाची उंची वाढवत नेलेली तीन रूपं, पासपोर्ट फोटो एका पानावर आठ. एनटीयूझरने सुरू होणाऱ्या फायली तेवढ्या सोडायच्या आणि बाकीचं उचलायचं, असं मुलाने सांगितलं होतं. त्या फायली नेल्या की रोगही बरोबर जातो. मी एकेक फोल्डर नेत होते. मध्येच बापूंनी पडद्यावर बोट ठेवलं. “हा काय?”

त्यांचा हयातीचा दाखला. पेन्शनसाठीचा, स्कॅन केलेला.

“हा तुझ्यात काय करतोय?”

“तुमचा संगणकावर विश्वास नव्हता ना बापू. तुमच्यात नको म्हणालात, म्हणून माझ्यात ठेवला.”

बापू बराच वेळ काही बोलले नाहीत. आपण जिवंत असल्याचा कागद दोन दिवस एका न उघडणाऱ्या फोल्डरात पडून होता आणि आपण इकडे बुद्धिबळ खेळत होतो, हे त्यांना पचवावं लागलं. त्या रात्री त्यांनी त्याच्या तीन छापील प्रती काढायला लावल्या आणि एक देवघरात ठेवली.

लेख उघडला तर तो वेगळ्याच लिपीत. हा अंक अजून जुन्या फाँटमधली फाइल मागतो, युनिकोड चालत नाही म्हणतो. आणि २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये फाँट सगळ्या यंत्रासाठी न बसवता फक्त आपल्यापुरता बसवता येतो, तो ॲपडेटाच्या पोटात जाऊन राहतो. माझा तिथेच राहिला होता. फाँट नाही म्हटल्यावर माझं ललित गद्य इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलरच्या खुणा यांनी भरून गेलं. नवऱ्याने वाकून वाचलं आणि म्हणाला, “या वेळी जरा प्रयोगशील झालंय.” फाँट शोधून, नव्याने बसवून ते मराठीत आणलं. लेख उशिरा गेला. संपादक म्हणाले, हरकत नाही, अंकच पुढे गेलाय.

पासवर्ड मात्र गेले ते गेलेच. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड ज्या किल्लीने कुलूपबंद असतात ती त्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. नुसत्या फायली उचलून आणल्या तर त्या उघडत नाहीत. चोरांसाठी केलेली सोय, सापडले मी. मग गॅस, वीजबिल, पुस्तकांचं दुकान, सगळीकडे ‘पासवर्ड विसरलात?’ आणि सगळीकडून ओटीपी. त्यातले निम्मे नवऱ्याने केव्हाच बंद करून टाकलेल्या सिमवर जात होते.

आता संगणक ठीक आहे. एक बारीकशी गोष्ट राहिली. विंडोजमध्ये नवीन खातं काढलं की ते मुळात ‘स्टँडर्ड’ असतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मुद्दाम करावं लागतं. जुन्या खात्यात मी होते. नव्यात बापूंनी केलं नाही. मी आठवण केली तेव्हा म्हणाले, “कशाला दोन-दोन? एकत्र कुटुंबाला मॅनेजर एकच असतो.” त्यामुळे काहीही नवीन बसवायचं म्हटलं की पडदा काळवंडतो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो, आणि मी बापूंना हाक मारते. ते पेपर घेऊन येतात. तो पासवर्ड आम्हा सगळ्यांना पाठ आहे, शेजाऱ्यांनाही असावा, पण कोणी टाकत नाही.

गेल्या महिन्यात नवीन स्कॅनर आणला. त्याचं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणून बोलावलं, तर बापूंनी खोकं सगळ्या बाजूंनी वाचलं आणि कागद-पेन मागितलं. अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला, खाली तारीख घालायला लावली आणि तो फ्रिजवर चुंबकाने लावला. १५ दिवस.

चौदाव्या दिवशी हरकत आली. सासूबाईंची. त्यांना त्या टेबलावर पापडाचा डबा ठेवायचा आहे. सुनावणी पुढच्या रविवारी आहे.